‘ते’ या सर्वनामाआड

लग्नाला साडेतीन वर्षे झालेले एक जोडपे मूल होत नाही म्हणून माझ्याकडे आले होते. बरोबर सासूबाई होत्या आणि त्यांच्या हातातल्या पिशवीत तीन दवाखान्यांच्या फाइली होत्या. त्यात रक्ताच्या तपासण्या होत्या, दोन वेळच्या सोनोग्राफ्या होत्या, नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा अहवाल होता आणि पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून घ्यायच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या होत्या. एकाही कागदावर दोष म्हणून काही लिहिलेले नव्हते. मी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितले, दार लावून घेतले आणि गेली सव्वीस वर्षे विचारत आले आहे तो प्रश्न विचारला, “संबंध नीट येतो ना?” नवरा म्हणाला, “हो.” बायको खाली बघत राहिली. नंतर तपासणीच्या खोलीत, पडद्याच्या अलीकडे आम्ही दोघीच असताना, ती जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “मॅडम, आमचं ते... ते अजून झालंच नाही.”

साडेतीन वर्षांत तीन डॉक्टरांना हे कळले नव्हते. त्यांनी विचारले नसेल असे नाही. विचारले असेल, आणि तिने “हो” म्हटले असेल, कारण ‘संबंध’ या शब्दाचा अर्थ तिच्या लेखी ‘एका खोलीत, एका पलंगावर झोपणे’ एवढाच होता. तो अर्थ चूक आहे असे तिला कुणी कधी सांगितलेही नव्हते. आम्ही डॉक्टरांनी एक सभ्य शब्द टाकायचा, समोरच्याने तो आपापल्या परीने समजून मान हलवायची आणि आम्ही त्या मान हलवण्यावर हजारो रुपयांच्या तपासण्या लिहायच्या, असे हे चाललेले असते.

तिला होते त्याला वैद्यकात व्हजायनिस्मस म्हणतात. स्पर्शाच्या नुसत्या कल्पनेनेही योनिमार्गाभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि त्यावर त्या स्त्रीचा ताबा राहत नाही. डोळ्यासमोर काही आले की पापणी जशी मिटते तसेच हे असते. हा आजार बरा होतो. स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम असतात, स्वतःच्या शरीराची हळूहळू ओळख करून घ्यायची असते, लहान आकारापासून सुरू करून वापरायची साधने असतात आणि मुख्य म्हणजे घाई न करणारा जोडीदार लागतो. शस्त्रक्रियेची गरज सहसा पडत नाही. तरीही मला त्या दिवशी अस्वस्थ केले ते आजाराने नव्हे. नवऱ्याला वाटत होते की मी हिला आवडत नाही. तिला वाटत होते की देवाने मला अपुरे घडवले आहे. आणि दोघांनीही हे साडेतीन वर्षे एकमेकांना दुखवायचे नाही म्हणून मनात ठेवले होते. एवढी माया असलेल्या दोन माणसांकडे हे बोलायला शब्दच नव्हता. ‘ते’ होते, आणि ‘ते’च्या पुढे काही नव्हते.

शाळेत शिकलो की नामाचा उच्चार पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून सर्वनाम येते. इथे मात्र नामाचा उच्चार एकदाही झालेला नसतो. माझ्या ओपीडीत दिवसभर अशीच भाषा चालते. पाळी ‘अडचण’ असते, आजीच्या पिढीला ‘कावळा शिवलेला’ असतो, गर्भ राहिला की ‘दिवस गेलेले’ असतात, पांढरे पाणी ‘अंगावरून जाते’ आणि गर्भाशय खाली सरकले की बाई सांगते, “अंग बाहेर येतंय.” पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मी नवी होते आणि मला गंमत वाटली होती. आता वाटत नाही. एका अवयवाचे नाव घेता येत नाही म्हणून सगळ्या शरीराला पुढे करावे लागते, यात केवढी ओढाताण आहे हे मला फार उशिरा कळले.

मराठीत यासाठी शब्दच नाहीत असे कुणी म्हणाले तर ते खरे नाही. संभोग, समागम, मैथुन हे शब्द आहेत, पण ते पाठ्यपुस्तकात आणि पोलिसांच्या कागदावर राहतात. रात्री दिवा मालवल्यावर कुणी कुणाला त्या शब्दांत हाक मारील असे मला वाटत नाही. दुसरा साठा शिव्यांचा आहे, आणि तो एवढा संपन्न आहे की मुलगा दहा वर्षांचा होईपर्यंत त्याला या क्रियेचे नाव राग काढण्याचे साधन म्हणूनच ठाऊक झालेले असते. तिसरा साठा इंग्रजीचा. ज्या शब्दात ओशाळेपणही नाही आणि अपमानही नाही, जो नवऱ्याने बायकोला आणि बायकोने नवऱ्याला घरच्या आवाजात म्हणावा, असा चौथा साठा मात्र आपल्याजवळ नाही. ज्या गोष्टीला घरात नाव नसते ती मागताही येत नाही आणि नाकारताही येत नाही. एवढ्या वर्षांच्या कामातून माझ्या हाती आलेले मुख्य सत्य हेच आहे.

हे मी दुसऱ्यांविषयी लिहिते आहे असे वाचणाऱ्याला वाटू नये. माझे लग्न ठरवून झाले. सासूबाईंसमोर मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणत असे आणि खोलीत नुसते ‘ऐकलं का?’. आमच्या घरात नवऱ्याचे नाव मोठ्याने घेण्याचा एकच प्रसंग असे, तो म्हणजे उखाणा, आणि तोही चारचौघांत, यमक जुळवून आणि पाठ करून. ज्याचे नाव एकांतात तोंडातून निघत नाही त्याला ‘मला आज नको’ हे कसे सांगायचे? मी स्त्रीरोगतज्ज्ञ होते. शरीराच्या प्रत्येक भागाचे लॅटिन नाव मला पाठ होते. तरीही दिवसभर दोन-तीन बाळंतपणे करून घरी आले की मी रात्री “डोकं दुखतंय” असे सांगत असे. सहा वर्षे सांगितले. एके रात्री नवरा शांतपणे म्हणाला, “नको असेल तर नको म्हण. डोक्याला कशाला दोष देतेस?” त्या एका वाक्याने आमच्या संसारात जे सुरू झाले ते लग्नविधीने झाले नव्हते. ‘नको’ म्हणायला मला सहा वर्षे लागली. ‘हवंय’ म्हणायला त्याहून जास्त लागली, कारण ‘नको’ म्हणणारी बाई थकलेली असते असे समजून घेता येते, पण ‘हवंय’ म्हणणारी बाई कोण असते याविषयी आपल्या घरांतून मुलीला फार लवकर शिकवून ठेवलेले असते.

आपली भाषा मुळातच अशी संकोची होती काय? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या प्रतिष्ठानाशी, म्हणजे आपल्या पैठणाशी, नाते सांगणारी ‘गाथासप्तशती’ हाल राजाच्या नावावर आहे आणि ती महाराष्ट्री प्राकृतात आहे. त्या सातशे गाथांतल्या कितीतरी गाथांमध्ये बोलणारी स्त्री आहे. ती सखीला आपली ओढ सांगते, रुसवा सांगते, शेताच्या आडोशाची आणि गोदेच्या काठाची आठवण काढते आणि तिला त्यात काही वावगे वाटत नाही. पेशवाईतल्या शाहिरांच्या लावणीतली स्त्रीसुद्धा मनातले झाकत नाही. तरी लावणीचा अभिमान सांगताना मी थबकते. ते शब्द बहुतेक पुरुषांनी लिहिलेले होते, आणि ज्या बायकांनी ते अंगावर वागवले त्यांना घरंदाज बाईचा मान समाजाने दिला नाही. शब्द फडावर गेले आणि मान माजघरात राहिला. माजघरातल्या बाईच्या वाट्याला मान आला, पण तिचे शब्द गेले, आणि फडावरच्या बाईच्या वाट्याला शब्द आले तरी ते तिचे स्वतःचे नव्हते. ही वाटणी अजून मोडलेली नाही, असे मला दररोज दिसते.

ती मोडायला एक माणूस निघाला होता, आणि त्याच्याविषयी लिहिताना मला भरून येते. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले पहिले केंद्र उघडले होते. म्हणजे हे काम आपल्याकडे मागाहून आले असे म्हणायला जागा नाही. या कामापायी कर्व्यांना १९२५ मध्ये नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये मृत्यू येईपर्यंत, सव्वीस वर्षे, ते जवळजवळ एकहाती चालवले. पैसा नव्हता, जाहिराती फारशा नव्हत्या, लोक त्या अंकाला हात लावायला भीत. पत्नी मालतीबाईंनी मूल न होऊ देण्याच्या निर्णयापासून आर्थिक ओढगस्तीपर्यंत सगळ्यात त्यांना साथ दिली. कर्व्यांचे नाव घेताना त्या बाईंचे नाव खाली राहते, याची मला नेहमी खंत वाटते.

कर्वे संततिनियमनावरच थांबले असते तर कदाचित लोकांनी त्यांना लवकर स्वीकारले असते, कारण लोकसंख्या हा सभ्य विषय आहे. ते एक पाऊल पुढे गेले. स्त्रीला कामेच्छा असते, ती पुरुषाइतकीच स्वाभाविक असते आणि तिच्या सुखाचा तिला हक्क आहे, हे त्यांनी स्वच्छ मराठीत, गणिताच्या शिक्षकाला शोभेल अशा कोरड्या व नेमक्या भाषेत लिहिले. वाचकांचे प्रश्न ते छापत आणि त्यांना उत्तरे देत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात ज्या मजकुरावर आक्षेप होता तो वाचकांच्या अशाच प्रश्नांची उत्तरे होता. त्यात हस्तमैथुनाविषयीचे प्रश्न होते आणि समलिंगी आकर्षणाविषयीचेही. कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मासिकाचा विषयच लैंगिक ज्ञान असेल आणि वाचक त्याविषयी प्रश्न विचारत असतील, तर उत्तर देणे हा गुन्हा कसा होतो, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला. गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांतून नुकताच बाहेर आलेला, ज्याच्या खांद्यावर कोट्यवधी माणसांच्या जगण्याचा प्रश्न आहे असा नेता, एका तोट्यातल्या मासिकासाठी न्यायालयात वेळ देतो, कारण कुणी काय विचारावे आणि कुणाला काय कळावे हे ठरवण्याचा अधिकार कुणाच्या हातात असावा, हा प्रश्न त्याला परका नव्हता. मी या प्रसंगाकडे तसे पाहते.

त्या खटल्याला नव्वद वर्षे उलटली. आमच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर आजही गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवलेल्या असतात. अमुक वारी, अमुक लॉजवर, अमुक वेळेत भेटा. एकोणीस-वीस वर्षांची मुले तिथे जातात आणि हजारोंच्या पुड्या घेऊन परततात, कारण त्यांना ‘धातू जाते’ आणि त्यामुळे आपण संपलो असे वाटत असते. वीर्य गेल्याने शक्ती जाते या भीतीतून होणाऱ्या त्रासाला मनोविकारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. अशक्तपणा, धडधड, झोप उडणे हे सगळे खरे असते. कारण मात्र शरीरात नसते, ते भीतीत असते. काही मुले लाजत लाजत माझ्याकडेही येतात, बाईंच्या डॉक्टरकडे, आपल्या बहिणीच्या केसपेपरवर. त्यांचे प्रश्न १९३४ चेच असतात. मध्यंतरी त्यांच्या हातात फोन आला आहे, आणि फोनवरच्या चित्रफितींनी त्यांना उत्तरे दिली आहेत. पण ती उत्तरे अशी आहेत की पहिल्याच रात्री समोरच्या मुलीचा चेहरा बघायचा असतो हे त्यात कुठेच येत नाही. शाळेकडून ही अपेक्षा करावी, तर २००७ साली आपल्या राज्यात किशोरवयीनांसाठीचे लैंगिक शिक्षण संस्कृतीच्या नावाखाली थांबवण्यात आले होते. प्रजननाचा धडा ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देणारे शिक्षक मला ठाऊक आहेत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याजवळही शब्द नव्हते.

मुलींच्या इच्छेचा प्रश्न न्यायालयात कर्व्यांच्या खटल्याच्याही आधी पोचला होता. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लागले होते. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, १८८४ मध्ये दावा लावला. पहिल्या न्यायाधीशांनी रखमाबाईंच्या बाजूने कौल दिला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये त्यांना नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर तुरुंगात जा, असे सांगण्यात आले. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेत व राजकोटात त्यांनी कितीतरी बायकांवर उपचार केले. माझ्या व्यवसायातली ती पूर्वज आहे. जिच्यावर मर्जीविरुद्ध शय्येवर जाण्याचा हुकूम निघाला, तिने आयुष्यभर बायकांच्या शरीराची काळजी वाहिली, याचा मला आधार वाटतो.

त्या हुकमाचा वारस अजून कायद्यात आहे. हिंदू विवाह कायद्याचे कलम ९ दांपत्य हक्कांच्या पुनःस्थापनेचे, म्हणजे जोडीदाराने परत नांदायला यावे असा हुकूम न्यायालयाकडे मागण्याचे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही बलात्काराच्या व्याख्येला जुनाच अपवाद कायम आहे, तो असा की पत्नी अठरा वर्षांखालची नसेल तर पतीचे कृत्य त्या व्याख्येत येत नाही. हा अपवाद जायला हवा असे माझे ठाम मत आहे, कारण बाळंतपणानंतर दहाव्या-बाराव्या दिवशी टाके उसवलेल्या बायका मी पुन्हा शिवल्या आहेत. “त्यांना थांबता आलं नाही,” असे त्या सांगतात आणि माझ्याकडेच क्षमेच्या नजरेने बघतात. ‘संमती’ हा शब्द त्यांच्या कानावरून गेलेला नसतो. तो वकिलांचा शब्द आहे. एकदा मी एका बाईंना त्यांच्या भाषेत विचारले, “तुम्हाला हवं असतं का?” त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आम्हाला कोण विचारतंय?” त्यांनी ‘मला’ म्हटले नाही, ‘आम्हाला’ म्हटले. मी ते उत्तर विसरू शकलेले नाही.

विचारणारा भेटला तरी सगळे सोपे होत नाही, हे मला माझ्या भाचीकडून कळले. ती सत्तावीस वर्षांची आहे, पुण्यात हिंजवडीला नोकरी करते, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या भाड्याच्या घरात राहते. दिवाळीत आली तेव्हा भाऊबीज आटोपून आम्ही दोघी गच्चीवर बसलो होतो. ॲपवर भेटलेल्या एका मुलाबरोबरचे तिचे आठ महिन्यांचे नाते नुकतेच संपले होते. मला वाटले, मुलगा वाईट वागला असेल. ती म्हणाली, “नाही गं मावशी, चांगला होता. प्रत्येक वेळी विचारायचा. तुला काय आवडतं, कसं आवडतं, सांग म्हणायचा. मलाच सांगता यायचं नाही. मी म्हणायचे, एनीथिंग इज फाइन.” मी विचारले, फाइन होते का? ती म्हणाली, “अर्धा वेळ नव्हतं. पण इंग्रजीत बोललं ना, की ते माझ्याबद्दल असल्यासारखं वाटतच नाही. आणि मराठीत म्हणायला गेले तर आईच्या घरात उभं राहून बोलतेय असं वाटतं.”

मी पुष्कळ वेळ गप्प होते. इंग्रजीने या मुलींची सोय केली आहे हे खरे. कन्सेंट, बाउंड्री, कम्फर्टेबल हे शब्द तिच्या पिढीने मिळवले, आणि ते मिळाले म्हणून कितीतरी मुली वेळीच ‘नाही’ म्हणू शकल्या. त्या शब्दांना नाके मुरडणारे लोक मला आवडत नाहीत. पण ज्या भाषेत आपण लहानपणी रडलो, पडल्यावर ‘आई गं’ म्हणालो, त्या भाषेत स्वतःची ओढ कधी उच्चारलीच नसेल, तर ती ओढ आपली आहे हे स्वतःलाही पटत नाही. भाचीने सांगितले की त्या आठ महिन्यांच्या नात्याला ते दोघे ‘सिच्युएशनशिप’ म्हणत. लग्न नाही, प्रेम आहे असेही नाही, काही नाही असेही नाही. मैत्रिणींनी विचारले की “बघू” असे उत्तर. मला तिथे लगेच ते ओळखीचे सर्वनाम ऐकू आले. माझ्या ओपीडीतल्या बाईचे ‘ते’ आणि माझ्या भाचीचे हे लांबलचक इंग्रजी नाव, दोन्ही एकाच रिकाम्या जागेवर ठेवलेले पडदे आहेत.

हे ऐकून नात्यातली काही माणसे म्हणतील, असे वागल्यावर असेच व्हायचे. मला ते मुळीच मान्य नाही. ठरवून झालेल्या लग्नांतली हीच मुकी रात्र मी सव्वीस वर्षे ऐकत आले आहे, आणि तिथे तर दाराला आतून कडी नसते. माझी भाची आठ महिन्यांनी उठून जाऊ शकली. तिने स्वतः निवडले, स्वतः सोडले, आणि नंतर मावशीजवळ बसून त्याविषयी बोललीसुद्धा. तिच्या वयात मी माझ्या मावशीजवळ बोलले असते का? स्वातंत्र्य आधी आले आणि शब्द मागून येत आहेत. ते मागे पडलेत म्हणून स्वातंत्र्य परत घ्या, असे म्हणणाऱ्याला शब्द नको आहेत आणि ती मुलगीही नको आहे.

शब्द येतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. चोवीस वर्षांच्या एका मुलीला आईवडील घेऊन आले होते. ती प्रत्येक स्थळ नाकारते, तिच्यात ‘काही दोष’ आहे का बघा म्हणाले. एकटी असताना ती स्पष्टपणे म्हणाली, “मी समलिंगी आहे.” तीस वर्षांपूर्वी असे वाक्य माझ्यासमोर कुणी उच्चारले नसते, कारण तेव्हा गावात त्यासाठी शिवीच तेवढी होती. पुण्यामुंबईच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे पुस्तिका काढल्या, मदतवाहिन्या चालवल्या, ‘समलिंगी’ हा साधा, न टोचणारा शब्द रुजवला. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कलम ३७७ चा भाग रद्द केला, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा माणसांना ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरचे गैरवर्तन ठरवले. त्यामुळे मी तिच्या वडिलांना माझ्या अधिकारात सांगू शकले की इथे औषध देण्यासारखे काही नाही. ते चिडले, फी न देता निघून गेले. मुलगी मात्र दारातून एकदा मागे वळून हसली.

आणि साठीच्या उंबरठ्यावरच्या बायका येतात, त्यांचा तर कुणी विचारच करत नाही. गर्भाशय काढलेल्या एका मावशींनी तीन वेळा येऊन पायदुखीच सांगितली, चौथ्या वेळी, लेक औषधे आणायला गेली असताना, पदर सारखा करत विचारले, “आता ते... चालतं का? ह्यांना वाटतं, पिशवी काढली म्हणजे संपलं.” संपत नाही. गर्भाशय काढल्याने ओढही जात नाही आणि सुखही जात नाही. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होऊन कोरडेपणा येतो, त्याने दुखते, आणि त्यावर साधे वंगण किंवा तिथेच लावायचे मलम मिळते. हे सगळे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, “ह्यांनाही सांगाल का? मी कसं सांगू?” पुढच्या बुधवारी काका आले, टोपी हातात धरून बसले आणि मी बोलत होते तोवर टेबलावरच्या पेनाकडे बघत राहिले. निघताना बायकोला म्हणाले, “मला आधी सांगायचंस की.”

सुरुवातीला लिहिले त्या जोडप्याचे सांगायचे राहिले. उपचाराला सात महिने लागले. मी सासूबाईंना एवढेच सांगितले की औषधे लांबची आहेत, सहा महिने कुणी विचारू नका. पहिले दोन महिने मी त्या दोघांना प्रयत्न करायलाच मनाई केली होती. फक्त रात्री दहा मिनिटे बोलायचे, आज काय बरे वाटले आणि काय नाही, आणि ‘ते’ हा शब्द वापरायचा नाही. दुसऱ्या भेटीला नवरा म्हणाला, “मॅडम, फार अवघड आहे हो. व्यायाम सोपे आहेत.” तिसऱ्या भेटीला ती एकटी आली, रडली, आणि लहानपणी एका नातेवाइकाने केलेली गोष्ट तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली. त्याच रात्री तिने ती नवऱ्यालाही सांगितली. तो रात्रभर तिच्याजवळ नुसता बसून होता असे तिने नंतर मला सांगितले.

सातव्या महिन्यात दोघे आले तेव्हा बरोबर सासूबाई नव्हत्या आणि पिशवीही नव्हती. मी केसपेपर पुढे ओढला आणि विचारले, “मग? कसं आहे आता?” त्यांनी एकमेकांकडे पाहिले. ती म्हणाली, “तुम्ही ‘ते’ म्हणायचं नाही म्हणालात ना, मग आम्ही एक शब्द केलाय.” मी विचारले, कोणता? ती हसली आणि मान हलवली. “तो घरातला आहे, मॅडम.”

मी केसपेपरवर तारीख घातली आणि तिच्यापुढे लिहिले, ‘त्रास नाही’.